आम्ही युरोपात, इकडे म्हशीनं दूध चोरलं

युरोपला जायचं ठरलं ते माझ्या हट्टामुळे, आणि आत्यांना सोबत न्यायचं ठरलं तेही माझ्याच हट्टामुळे. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय मला उरलेली नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी, नवरा अमोल आणि सातवीतली लेक प्रज्ञा बीडला राहतो. आम्ही दोघंही शिक्षक, त्यामुळे मे महिना मोकळा. आत्या आणि मामा, म्हणजे माझे सासरे, गावी उमापूरला असतात. तिथं थोडी शेती आहे आणि गोठ्यात एक म्हैस. तिचं नाव मैना.

या मैनेची ओळख आधीच करून घ्या, कारण ती सहलीला आली नाही तरी सगळीकडे आमच्यासोबत होती. मागच्या मोठ्या दुष्काळात गावच्या दूध संस्थेनं चारा छावणी चालवली होती. आत्या अख्खा उन्हाळा छावणीतच राहिल्या. मैना तेव्हा लहानशी वगार. जनावराच्या वाट्याचं पाणी तिला पुरायचं नाही, म्हणून आत्या आपल्या घागरीतलं पाजायच्या. त्यानंतर त्यांनी तिला सोडून एक रात्रही बाहेर काढली नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नातसुद्धा जेवणाची पहिली पंगत उठली आणि ह्या संध्याकाळच्या धारेला घरी. त्यात यंदा मैनेचं पारडू गेलं. तेव्हापासून ती फक्त आत्यांच्या हाताला पान्हावायची, दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की दूध चोरायची, म्हणजे आतच धरून ठेवायची.

"जा की गं," मामा म्हणाले. "मी हाय न्हवं हितं."

"तुमाला लाथ मारील ती."

"मारू दे. जलमभर तुझी बोलणी खाल्ल्यात, तिची लाथ काय चीज हाय!"

आत्या हसल्या आणि तिथंच फसल्या. माझी इच्छा एवढीच होती की या बाईनं आयुष्यात एकदा तरी गोठ्याचा घोर लावून न घेता दोन आठवडे काढावेत. रोम, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, प्राग हे सगळं त्याच्या नंतर.

टूर कंपनीसोबत गेलो नाही. तिथं सकाळी सातला बसमध्ये कोंबतात, म्हणून सगळं स्वतःच बुक केलं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागतं. खुरपं आणि शेणानं आत्यांची बोटं इतकी झिजलेली की मशीनवर ठसेच उमटेनात; तिथल्या मुलीनं शांतपणे पुन्हा पुन्हा घेतले, तेव्हा एकदाचे उमटले. तुमच्या घरी शेतात राबणारं माणूस असेल तर वेळ हातात ठेवून जा. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले फ्लॅट घेतले. चार माणसांना ते स्वस्त पडतात आणि रोजच्या पिझ्झ्यातून सुटका होते. ज्वारीचं पीठ नेलं होतं, पण तिथल्या काचेच्या शेगडीवर भाकरी काही फुगत नाही, हे माझ्याकडून फुकट शिकून घ्या. शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर न्या.

शेवगाव, नगर, पुणे करत गाडीनं मुंबई गाठली आणि विमानानं रोम. फ्लॅटची मालकीण किल्ली द्यायला आली तर आत्यांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं. तिनंही हात जोडले आणि इटालियन वळणाचा जय भीम परत केला. प्रज्ञाला हसू आवरेना.

रोममध्ये जागोजागी रस्त्यावर लोखंडी नळ आहेत. पाणी थंडगार, पिण्याचं आणि चोवीस तास वाहतं. बाटल्या विकत घेऊ नका. आत्यांनी पहिला नळ पाहिला आणि तोटी शोधायला लागल्या. खाली, वर, मागं, तोटीच नाही.

"कुणी चालू सोडून गेलंय बघ. आन् बंद कावून हुईना?"

शेवटी त्यांनी धार थांबवायला नळाच्या तोंडावर तळहात दाबला. त्या नळाला वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, पाणी तिथून उसळलं ते थेट आत्यांच्या तोंडावर आणि मागच्या जर्मन आजोबांच्या चष्म्यावर. आजोबा खूष झाले, आत्या मात्र गोऱ्यामोऱ्या. त्या दिवशी प्रत्येक नळापाशी त्या थांबल्या. पाणी वाया जाताना पाहणं त्यांना खरोखर जड जात होतं, आणि खरं सांगते, मलाही.

कोलोसियमचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, नाहीतर उन्हात रांग. आत गाइड राजांची नावं सांगत होता. आत्यांनी विचारलं, "बांधायला माणसं कुठली व्हती?" अमोल म्हणाला, "गुलाम होते, आई." त्या एका दगडावर बराच वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या.

तिकडे दुपारचे दोन वाजले की गावाकडे साडेपाच, म्हणजे धारेची वेळ. रोज दोनला मामांना फोन. रोममध्ये बातमी बरी नव्हती: मैना अर्धवटच दूध देते. आम्ही वेगवान गाडीनं फ्लॉरेन्सला पोचलो (दीड तास, लवकर काढलं तर तिकीट स्वस्त) तोवर तिनं पुरतं चोरायला सुरुवात केली होती. भल्यामोठ्या चर्चसमोर, गुलाबी-हिरव्या संगमरवराखाली, आत्या फोन स्पीकरवर टाकून म्हणत होत्या, "सोड गं बाई. सोड माझी मैना. यिते मी." तिकडून मामांचा आवाज: "कान हलीवला तिनं! पर दूध न्हाई."

दुसऱ्या दिवशी मामांनी सांगितलं की कास कडक झालीय, आणि जनावरांचे डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर आजार होईल. आत्यांनी फोन खाली ठेवला.

"माझं तिकीट काढा. मी जाते. तुमी फिरा."

मला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. अमोल परतीची विमानं शोधायला लागला. तेवढ्यात मामांचाच फोन परत आला. त्यांना आत्यांचा स्वभाव ठाऊक.

"यिऊ नकू तू. आजचा दिस दे मला. तुझं लुगडं कंचं घिऊ?"

आत्या एकदम सावरून बसल्या. "पेटीतलं घिऊ नका. दोरीवरचं हिरवं घ्या, वापरलेलं. त्याला माझा वास हाय. आन् डोक्यावरून पदर घ्या नीट."

रात्रीच्या गाडीनं व्हिएन्नाला गेलो. झोपायच्या डब्यात जागा आधी राखून ठेवावी लागते. व्हिएन्नाचा राजवाडा मी आयुष्यभर चित्रात पाहिला होता, पण त्याच्या बागेत पोचलो आणि दोन वाजले. मामांचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर हिरव्या लुगड्यातले मामा, डोईवर पदर, पदराखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या मिशा. मैना शांतपणे रवंथ करत होती आणि बादलीत धारेचा आवाज. आम्ही चौघं त्या राजेशाही हिरवळीवर पोट धरधरून हसलो. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसूनच असावं. मग त्या स्वतःहून म्हणाल्या, "चल, त्यो वाडा दाव." आणि प्रत्येक दालन त्यांनी इतक्या सावकाश पाहिलं की शेवटी आमचेच पाय दुखायला लागले.

प्रागला युरो नाही, तिथलं चलन वेगळं, पण कार्ड सगळीकडे चालतं. दगडी पुलावर सकाळी लवकर जा, मग गर्दी होते. आम्ही नदीकाठी आइस्क्रीम खात बसलो होतो. आत्या प्रज्ञाला तिच्या बापाचे लहानपणीचे उपद्व्याप सांगत होत्या. अमोलनं मला हळूच घड्याळ दाखवलं. अडीच वाजून गेले होते. फोनची आठवण आम्ही दोघांनीही करून दिली नाही.

परत आलो त्या संध्याकाळी आत्या पिशव्याही न सोडता गोठ्यात गेल्या. मैनेनं मान वळवून पाहिलं. आत्या बसल्या, कासेला हात लावला, तर मैनेनं पाय उचलला आणि बाजूला सरकली. आत्यांनी हाका मारल्या, पाठ थोपटली. दूध नाही. शेवटी मामा आले, साध्या सदरा-पायजम्यात. नुसते बसले आणि म्हैस पान्हावली.

आत्या ओट्यावर येऊन बसल्या आणि रडल्या. "इसरली मला," एवढंच म्हणाल्या. मी शेजारी बसून राहिले. मामा भरलेली बादली घेऊन आले, तेही ओशाळलेले. थोड्या वेळानं आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्यांना म्हणाल्या, "आता उद्या सकाळी मला उठवू नका."

लोक विचारतात, युरोपातलं काय लक्षात राहिलं. पूल राहिले, राजवाडे राहिले, आइस्क्रीम तर राहिलंच. पण मला दुसऱ्या दिवशीची पहाट सांगावीशी वाटते. बादलीत धार वाजायला लागली तशी मला जाग आली. आत्या शेजारच्या अंथरुणावर होत्या. जाग्याच होत्या, डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या. उठल्या मात्र नाहीत.