दोनदा बोलणारे कंडक्टर

महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही नवरा-बायको बुलढाण्याहून एसटीने लोणारला जातो. आठवडाभर तो बँकेत, मी शिकवण्यांत. रविवारी तो सरोवराकाठी पक्ष्यांचे फोटो काढतो, मी चित्रं काढते आणि आमची मांजर टोपलीतून दोघांवर लक्ष ठेवते.

या गाडीचे कंडक्टर डबल बेलच्या सवयीने बोलतातही दोनदा. "सरका, सरका!" टोपली दिसली की कपाळाला आठ्या. "मले मांजर आवडत नाई. बिलकुल आवडत नाई." टोपली मात्र स्वतः उचलून सावलीच्या बाजूला ठेवतात.

परवा मांजर शेजाऱ्यांकडे ठेवली आणि तिच्या टोपलीत भाकऱ्या नेल्या. परतताना इतके दमलो होतो की रिकामी, उघडी टोपली पायाशी ठेवून गाडी सुटायच्या आतच झोपलो.

जाग आली ती माणसांच्या म्याऊ-म्याऊने. अख्खी गाडी सीटखाली वाकून मांजरीला हाका मारत होती. फेटेवाले एक आजोबा तर अगदी लाडात आले होते. गाडी अजून स्टँडवरच, आणि कंडक्टर टॉर्च घेऊन चाकापाशी आडवे!

"तुमची मांजर सापडून नाई राह्यली, सापडून नाई राह्यली!"

"अहो काका, ती बुलढाण्यातच आहे!"

गाडीभर हशा उसळला. मी हसतच विचारलं, "मग आधी आम्हाला उठवायचं ना?"

त्यांनी गुडघे झटकले.

"उठवलं असतं, तर तुमाले काय सांगतलं असतं मी?"

हे मात्र ते एकदाच बोलले.