डाल्याखालची पाकोळी

नव्वदच्या दशकात घाटघरच्या शाळेवर माझी बदली झाली. बायको गावी, अवसरी खुर्दलाच राहिली. तिला न विचारता मी होकार कळवला म्हणून आमचं भांडण झालं होतं, आणि मी तोंड फुगवून एकटाच वर आलो होतो. शाळेमागची खोली, स्टोव्ह आणि रेडिओ, एवढाच माझा संसार.

एका रविवारी रेडिओवर दूरच्या बेटावरच्या एका पक्ष्याचं गाणं ऐकवलं. त्या जातीचा तो शेवटचा नर. ते पक्षी जोडीनं गायचे. हा आपली ओळ गायचा, मादीसाठी जागा सोडून थांबायचा आणि पुन्हा गायचा. मादी केव्हाच मेली होती. आता तर ती जातच उरलेली नाही, असं निवेदक म्हणाला. मला रडू आलं. हा तर मीच, असं वाटलं. स्वतःची कीव करण्यात मी तेव्हा पटाईत होतो.

त्याच पावसाळ्यात शाळेच्या पडवीत दोन तळहातांएवढी तांबूस पाकोळी, पतंगाचीच एक जात, बसलेली दिसली. कोंबड्या टोचतील म्हणून मी तिच्यावर बांबूचं विणलेलं डालं झाकलं, आत वाटीत साखरपाणी ठेवलं. नाचणी लावायला निघालेली शेजारीण हसायला लागली.

"गुर्जी, तिला तोंडच न्हाई, खाणार कशानं? आठ दिसाची पावणी ती. पयलं लई व्हत्या. झाडं तुटली तशा सरल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर डाल्यावर बाहेरून तशाच दोन पाकोळ्या बसलेल्या.

"नर हायेत. मादीच्या वासावर येत्यात," शेजारीण म्हणाली. "लई लांबनं."

म्हणजे हिच्या जातीवरही त्या पक्ष्याचीच पाळी येत होती, पण हिला अजून ओ मिळत होती. गाणं नाही, आवाज नाही, तरी दोघं रान ओलांडून आले होते. मला हेवा वाटला. माझ्याकडे कोण आलं होतं?

मी डालं उचललं. खोलीत येऊन पेटीतली बायकोची तीन पत्रं काढली. तिन्हींच्या शेवटी एकच ओळ होती, 'मी तिकडे येऊ का?' मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. गाऊन थांबत होती ती. गप्प मी होतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं जुन्नरला गेलो आणि बूथवरून तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी तिला बोलावून आणलं. मी म्हटलं, "ये इकडे."

"आता कशाला?" तिनं विचारलं, आणि मी काय म्हणतो याची वाट पाहत थांबली.

मी पुन्हा तीच ओळ म्हटली, "ये इकडे."