नक्षीच्या टाइपातली सूचना

लातूर जिल्हा झाला त्या सुमारास मी नांदेडचा छापखाना सोडून लातुरात आलो. नव्या कचेऱ्या येणार, छपाईचं काम वाढणार, असं सगळेच म्हणत होते. माझं काम खिळे जुळवण्याचं, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं ओळीत लावून मजकूर तयार करण्याचं.

निघताना नांदेडच्या मालकांनी मला जुन्या ठळक टाइपाचा एक संच दिला. उभे दांडे जाडजूड, जोडरेघा केसासारख्या बारीक आणि प्रत्येक टोकाला वळणदार शेपूट. लग्नपत्रिकेवर नवरानवरीचं नाव, टुरिंग टॉकीजचं हँडबिल, मिठाईच्या दुकानाची जाहिरात, यांना तो शोभायचा. कागद लांबूनच ओळखू यायचा. मला त्या टाइपाचा फार अभिमान होता.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. लग्नं पुढे गेली, पत्रिका थांबल्या. माझी बहीण ज्या वस्तीत राहायची तिथल्या विहिरीत तळाला गढूळ पाणी उरलं. वस्तीजवळचे एक डॉक्टर छापखान्यात आले.

"जुलाबाचे पेशंट वाढलेत. विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, एवढंच ठळक छापून द्या. आजच पाहिजे."

साधा मोठा टाइप एका कचेरीच्या कामात अडकला होता. म्हणून मी तो नांदेडचा नक्षीचा लावला. कागद बघून डॉक्टर म्हणाले, "छान दिसतंय." मलाही तसंच वाटलं.

आठवड्यानं भाचीला दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. पोरीच्या हाताला सलाईन, उशाशी बहीण.

"विहिरीवर कागद लावला होता ना?" मी विचारलं.

"बघितला की दादा. पिक्चरचा आसंल म्हनलं. लग्नाच्या न् पिक्चरच्या कागदावर तसलंच अक्षर असतंय. मला कुठं वाचता येतंय? अन् वाचणारी माणसं समदी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली."

"तो मीच छापला," मी म्हणालो.

ती पोरीचे सुकलेले ओठ पदरानं पुसत राहिली.

मी तसाच छापखान्यात गेलो. कचेरीचं जुळवलेलं पान सोडवलं. मालक रागावले, पण अडवलं नाही. साध्या अक्षरांत सूचना पुन्हा छापली आणि विहिरीवर जाऊन जुना कागद खरवडून नवा चिकटवला. एक बाई घागर टेकवून थांबली.

"काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. मग तिथंच उभा राहिलो. दिवस मावळेपर्यंत येईल त्या बाईला वाचून दाखवत होतो.

भाची बरी झाली. शेजारची एक म्हातारी मात्र गेली. वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते ऐकून घेतलं.

बहिणीनं मला कधी बोल लावला नाही. तरी पुढे कित्येक महिने तिच्या घरी गेलो की तांब्याभर पाणी मागायला माझी जीभ रेटत नसे.