गुलाबची गाडी, फुटाला एक इंच

आमच्या दुकानात रंध्याचा भुसा न् किस्से एकाच चालीनं साठतात. झाडून काढले तरी उद्या तेवढेच. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यातली दुसरी दोनदा! त्यामुळं लिवण्यात चुका असतील. असू द्या. मला एका जागी बसवत न्हाई, म्हणून जल्दी सांगतो.

अंबडला जालना रोडवर माझं दुकान. ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचो. खऱ्या ट्रकच्या. मंग कधीतरी उरलेल्या सागाच्या पट्टीतून हातभर ट्रक केला, अन् किडा लागला. दाम्या पेंटर ट्रक रंगवायचा, तो छोटे पण रंगवायला लागला. शेजारी चंपालालशेठचं हार्डवेअर. खिळे, तार, पत्रा तिथून. शेठ म्हणजे राजस्थानातून तीन पिढ्यांमागं आलेल्या घरातला माणूस, पण शिव्या अस्सल अंबडच्या.

एकदा छोट्या ट्रकच्या फाळक्याची, म्हणजे मागच्या झडपेची, कडी जमंना. त्या नादात मोठा ट्रक आठ दिवस तसाच उभा. मालक आला, दोन्हीकडं पाह्यलं, अन् म्हणाला, "मिस्त्री, माझा ट्रक मोठा आहे म्हणून मागं ठेवला का?"

मी म्हणलं, "न्हाई. त्याला एवढी बारीक नजर लागत न्हाई, म्हणून!"

पुन्हा आला न्हाई तो.

* * *

गुलाब ड्रायव्हर माझा दोस्त. घरी जमीन होती, पण नांगर सोडून यानं स्टेअरिंग धरलं. वीस वर्षं एकच गाडी. सीझनला अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस, बाकी दिवस जे मिळंल ते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला, पोळ्याच्या आधी तो दुकानात आल्ता. फळीवर बसला.

"औरंगाबादला दाखवलं. एक डोळा गेला. दुसऱ्याची नस सुकून राह्यली. दिवाळीपर्यंतच दिसंल म्हणतात."

दाम्याचा ब्रश थांबला.

"मालकानं गाडी भंगारात घातली," गुलाब म्हणाला. "डोळा आहे तोवर माझी गाडी मला बनवून दे, मिस्त्री."

मी इचारलं, "कोणती गाडी?"

"मला किती होत्या? बायको एक, गाडी एक. बायको घरी आहे!"

* * *

माप पाहिजे म्हणून मी न् दाम्या एसटीनं जालन्याला भंगारवाल्याकडं गेल्तो. गाडी होती, पण पुढचा बंपर कापलेला. टेप लावली तसा भंगारवाला धावत आला.

"घ्यायची का?"

"न्हाई."

"मंग माप कशाला?"

दाम्या म्हणाला, "कपडे शिवायचेत!"

मी सगळं खरं सांगितलं. मंग त्यानंच टेपचं दुसरं टोक धरलं. खऱ्या गाडीच्या फुटाला छोटीत एक इंच, असा आमचा हिशेब. तासाभरानं त्याचा कामगार गॅसकटर पेटवून आला, तर हाच त्याच्यावर खेकसला, "बंद कर! मडगार्डचं माप राह्यलं अजून!"

* * *

टायर कशाचे करायचे? काळं, जाड रबर पाहिजे. आठ दिवस शोधून राह्यलो. एका दुपारी दाम्या शेठच्या दुकानाबाहेर उभा राहून खाली पाहत होता. शेठच्या नव्या काळ्या, जाड रबरी चपला.

"दाम्या, नजर वर!" शेठ आतून ओरडले.

"शेठ, गुलाबसाठी."

शेठनं आम्हाला भरपूर शिव्या दिल्या. त्या देता देता स्वतःच कटर काढून दिला. सहा टायर न् एक स्टेपनी, बराबर निघाली.

संध्याकाळी शेठ बाजारातून अनवाणी घरी चालले. कोणीतरी हात जोडून इचारलं, "शेठ, नवस आहे का?"

शेठ म्हणाले, "न्हाई, स्टेपनी!"

* * *

आता माझा दोष सांगतो. मला बराबर झाल्याशिवाय चैन पडत न्हाई. बाजूच्या फळ्या चारदा उपसल्या. घरात जेवताना उठून दुकानात जायचो. बायको म्हणायची, "तिकडं त्याचा डोळा चाललाय, न् तुम्ही फळ्या काय उपसता?" खरं होतं. पण तिरकी फळी मला झोपू देत न्हाई.

खऱ्या गाडीच्या पाठीमागं गुलाबचं स्वतःचं वाक्य होतं. दाम्यानं ते मापात, मुंगीएवढ्या अक्षरात लिवलं. हात न हलवता, श्वास धरून. दोन दिवस लागले.

गुलाबला दाखवलं. त्यानं गाडी जवळ नेली. लांब धरली. पुन्हा जवळ.

"काय लिवलंय?"

दाम्यानं रॉकेलचा बोळा घेतला, सगळं पुसलं, न् अंगठ्याएवढ्या अक्षरात लिवायला बसला.

मी ओरडलो, "अरे, माप बिघडलं!"

"मिस्त्री, तुमचं माप ठेवा खिशात."

लिवून झाल्यावर गुलाबनं मोठ्यानं वाचलं, "जल्दी असंल तर वरून उडून जा." अन् एवढा हसला की ठसका लागला.

मी त्या अक्षरांना हात लावला न्हाई. पण आजबी सांगतो, मापात न्हाईत ती.

* * *

दसऱ्याला गाडी तयार. दुकानातल्या हत्यारांसोबत तिला झेंडूचा हार घातला. शेठनं नारळ फोडला. ताडपत्रीच्या कड्या, साखळी, डिझेलची टाकी, एकूणएक गोष्ट! आम्ही तिघं फुगून उभे.

गुलाबनं हात फिरवला. वाकला. पुढच्या काचेला डोळा लावला. बराच वेळ.

"आत अंधार का?"

मी म्हणलं, "आत काय असणार? केबिन भरीव आहे. लाकडाचा ठोकळा. काच वरून रंगवली."

"चांगली झाली," तो म्हणाला. पण गाडी खाली ठेवली.

"मंग तोंड का पडलं?"

"मिस्त्री, मी ही गाडी बाहेरून कधी पाह्यली रे? मी तर आत होतो."

मी बॉडीवाला, दाम्या रंगवाला. दोघांनी आयुष्यभर गाड्या बाहेरून पाह्यलेल्या. शेठनं तर कुलूप न् कड्याच पाह्यल्या! आत बसणाऱ्याला एका शब्दानं इचारलं न्हाई.

मी हार काढला न् छिन्नी घेतली.

* * *

दिवाळीला पंधरा-सोळा दिवस होते. ठोकळा कोरला, केबिनच्या पाठीची फळी काढता येईल अशी केली. पुढं शर्टाच्या खोक्याचा पारदर्शक कागद, काच म्हणून. तारेचं स्टेअरिंग. गुलाब शेजारी बसून सांगायचा. आता त्याला माझं तोंड दिसत न्हवतं, उजेड कळायचा न् मधोमध थोडं काही.

"गेअरचा दांडा सरळ?"

"वाकडा. तिसऱ्याला अडायचा."

"सीट?"

"उजवीकडं दबलेली. वीस वर्षं तिथंच बसलो ना!"

वसुबारसेच्या दुपारी काम झालं. गाडी रस्त्याकडं तोंड करून बाकावर ठेवली. मागं स्टूल. गुलाबला बसवलं, पाठीची फळी काढली. त्यानं मागच्या हौद्यात गाल टेकवला न् चांगला डोळा आत लावला.

मला कुठं धीर! मी पुढून जाऊन बाकासमोर उकिडवा बसलो. काचेतून पाह्यलं, तर सगळ्या केबिनभर त्याचा एकच डोळा.

दाम्या न् शेठ माझ्या मागं येऊन उभे.

"कसं आहे?" मी इचारलं.

रस्त्यावरून जालन्याची एसटी गेली. गुलाबचा उजवा पाय जमिनीवर हळूहळू दाबला गेला.

"गुलाब, अरे कसं आहे?"

"मिस्त्री, बाजूला हो! रस्त्यात काय बसला?"

मी उठलो न् बाजूला झालो. दाम्या न् शेठ पण झाले.