पांघरूणकाकू

काकूंना नवी चादर चालत नसे. कुणाकडे हळदीकुंकवाला किंवा मुलांच्या वाढदिवसाला गेल्या की निघताना त्या घरच्या बाईला हळूच बाजूला घ्यायच्या. "एखादी जुनी चादर आहे का गं तुझ्याकडे? फाटकी चालेल, डाग असले तरी चालतील. पण वापरलेली हवी." टेक्सासातल्या शुगर लँड गावातल्या आमच्या मराठी घोळक्याला याची इतकी सवय झाली होती की कपाट आवरताना बायका काकूंच्या चादरी आपोआप वेगळ्या काढून ठेवत. मुलं त्यांना 'ब्लँकेट काकू' म्हणायची, आम्ही मोठ्यांनी त्याचं पांघरूणकाकू केलं. मी एकदा सुचवलं होतं की झाडांवर घालायचं खास कापड दुकानात मिळतं, हलकं असतं, आणून देते. काकूंनी मान हलवली. "नको. त्याच्यावर कोणी झोपलेलं नसतं. त्याला ऊब म्हणजे काय ते माहीत नसतं."

चादरी झाडांसाठी असत. ह्यूस्टनच्या बाजूला हिवाळा असा फारसा नसतोच, पण जानेवारी-फेब्रुवारीत मधूनच एखादी रात्र सगळं गोठवून जाते. आणि नेमके तेच दिवस वसंताच्या तयारीचे. वाफे खणायचे, त्यात खत मिसळायचं, गुलाब छाटायचे, टोमॅटो-मिरचीची रोपं घरात खिडकीपाशी वाढवायची. बाहेर कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, लिंबू ही आपली उबेतली मंडळी जीव मुठीत धरून बसलेली असतात. त्यांना झाकलं नाही तर सकाळी पानं उकडल्यासारखी काळी पडतात.

हे सगळं मला नंतर कळलं. २००३च्या जानेवारीत आम्ही काकूंच्या शेजारच्या घरात राहायला आलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मिलिंद इंजिनियर, सकाळी अंधारातच गाडी घेऊन निघायचा. मला कामाची परवानगी नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. एका सकाळी आमची छोटी ईरा वरच्या खोलीच्या खिडकीला नाक लावून उभी होती. "आई, हू आर दोज लेडीज?" तिनं विचारलं. मी पडदा पूर्ण सरकवला.

शेजारच्या मागच्या अंगणात, कुंपणाला धरून, डोक्यावरून पांढरं घेतलेल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. कोणी उंच, कोणी बुटकी, एक पुढे वाकलेली. गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं आणि त्या काही हलत नव्हत्या. मी ईराला खिडकीपासून मागे ओढलं. तेवढ्यात घराचं मागचं दार उघडून सुती साडीवर स्वेटर घातलेली एक बाई बाहेर आली. ती एकेकीजवळ गेली, खाली वाकून तिच्याशी काहीतरी बोलली, आणि मग चादर उचलली. आतून लिंबाचं झाड निघालं, नंतर जास्वंद, नंतर मोगऱ्याची कुंडी. मी सुटकेचा श्वास सोडला खरा, पण त्या बाईच्या वाकून बोलण्यानं जे वाटलं होतं ते पुरतं गेलं नाही.

त्या बाई म्हणजे काकू. पुढे आमची गट्टी जमली. दोन्ही अंगणांमध्ये लाकडी कुंपण होतं आणि त्याला एक छोटं दार होतं, ते दिवसभर उघडंच राहू लागलं. माझा पहिला वाफा काकूंनीच करून घेतला. तिथली माती काळीकुळकुळीत, ओली असली की बुटाला धरून ठेवते आणि सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी फावडं उचललं तशी त्यांनी माझं मनगट धरलं. स्वतः गुडघ्यावर बसल्या आणि दारावर टकटक करावी तसं बोटांच्या पेरांनी जमिनीवर वाजवलं.

"हे कशाला?"

"आत कोणी असलं तर सरकायला वेळ नको का द्यायला?"

मला वाटलं, गांडुळं आणि बेडूक यांच्याबद्दल म्हणताहेत. तसंच असेल. पण वाजवून झाल्यावर त्या कान देऊन थांबायच्या, आणि कधीकधी चेहरा गंभीर करून म्हणायच्या, "इथे नको. तिकडे खणू." कारण विचारलं तर सांगत नसत. नकार दिलेल्या त्या जागांवर नुसतं गवत राही.

गारठ्यानं मेल्यासारखं दिसणारं झाड उपटायचा आपल्याला फार उत्साह असतो. काकू उपटू देत नसत. करड्या फांदीवर त्या नखानं बारीक ओरखडा काढायच्या. खाली हिरवं दिसलं की म्हणायच्या, "आहे. बोलत नाहीये एवढंच." मार्च उजाडेपर्यंत त्यांच्या अंगणात अशा न बोलणाऱ्या काड्यांची दाटी असे, आणि त्यातल्या बहुतेक फुटत. मी तेव्हा दिवस दिवस कुणाशी बोलत नसे. त्यांनी मला तसं काही म्हटलं नाही, पण रोज अकराच्या सुमारास कुंपणापलीकडून हाक यायची, "अगं, चहा टाकलाय."

काका फारसे बोलत नसत. निवृत्त इंजिनियर, सतत काहीतरी दुरुस्त करणारे. तीन-चार वर्षांनी एकदा कुंपणाचा खिळा ठोकताना ते मला हळूच म्हणाले, "हल्ली हिच्याकडे जरा लक्ष ठेव. गॅस चालू राहतो. परवा ग्रोसरीला ड्राइव्ह करत गेली आणि पार्किंगमध्ये नुसती बसून राहिली." माझ्याही लक्षात आलं होतं. वाफ्यात एकच बी त्या पुन्हा पुन्हा पेरायच्या. गारठ्याचा अंदाज नसतानाही संध्याकाळी चादरी घालायच्या. एकदा ओळीच्या टोकाकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, "ती कडेची कोण आलीय, ओळखलीस का?" मी म्हटलं, कढीपत्ता आहे, काकू. त्या हसल्या. लहान मुलानं चुकीचं उत्तर दिल्यावर आपण हसतो तशा.

मग ती सकाळ आली. खरोखरीचा गारठा पडला होता, रस्त्यांवर बर्फाचा पापुद्रा होता. उजाडता उजाडता काकांचा फोन. "ही घरात नाही. पुढचं दार उघडं आहे. मी गाडी घेऊन बघतो, तू जरा..." मिलिंदही गाडी काढून दुसऱ्या बाजूला गेला. मी कोट चढवून कुंपणाच्या दारातून त्यांच्या अंगणात शिरले. का, ते सांगता येणार नाही. त्या बाहेर रस्त्यावर गेल्या असतील असं मला वाटलंच नाही.

ओळ तशीच होती. पांढऱ्या, फिक्या निळ्या, फुलाफुलांच्या चादरी, सगळ्या ताठरलेल्या. त्यातल्या काही मीच दिलेल्या होत्या. वारा अजिबात नव्हता. मी एकेकीसमोरून चालत गेले आणि एके ठिकाणी पाय जागीच थांबले. एका चादरीचा वरचा भाग जरासा आत जात होता, बाहेर येत होता. आत, बाहेर. कापडावर ओलसर डाग पडला होता.

चादर उचलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. खाली काकू होत्या. पाटावर मांडी घालून, डोक्यावरून पदर घेऊन, अनवाणी. ओठ निळे पडले होते पण चेहरा शांत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजल्या, "आलीस? बरं केलंस. बस."

"काकू, आत चला. पाय बघा तुमचे."

"असं कसं उठायचं? सगळ्या बसल्यात ना."

मी त्यांच्या पायांवर माझा कोट टाकला आणि शेजारी बसले. ओढून नेणं मला जमलं नसतं, आणि माणूस गेलेल्या घरात बोलतात तसा त्यांचा आवाज होता, त्यामुळे ओरडणंही जमेना. "काकू, कोण गेलंय?" मी विचारलं.

"आई," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला ती ओळ दिसली. म्हणजे काकूंना दिसत होती तशी. कुणाच्या घरी माणूस गेलं की भेटायला येऊन भिंतीला टेकून नुसत्या बसून राहणाऱ्या बायका. अशा वेळी निघताना कोणी 'येते' म्हणत नाही आणि घरचंही कोणी 'या' म्हणत नाही. माणसं उठतात आणि जातात. मी उभी राहिले आणि म्हटलं, "उजाडलं, काकू. बायका निघाल्या." आणि पहिली चादर उचलली.

काकूंनी किंचित मान हलवली. मी दुसरी उचलली. प्रत्येक वेळी त्या बघत आणि मान हलवत. लिंबू, मोगरा, जास्वंद असं करत मी टोकाला पोचले. शेवटच्या चादरीखाली झाड नव्हतं, अंगणातली एक रिकामी खुर्ची होती. तिच्याकडे त्या सगळ्यात जास्त वेळ बघत राहिल्या. मग तिलाही मान हलवली, माझा हात धरला आणि उठल्या.

त्यांच्या पायांना पुढे काही झालं नाही. डॉक्टरांना दाखवून आल्यावर काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. "लग्न होऊन इथे आली तो पहिलाच हिवाळा," ते म्हणाले. "तार हातात पडली तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. ग्रीनकार्डाचे कागद अडकलेले, देश सोडता येईना. आणि इथे तेव्हा आपलं एकही घर नव्हतं गं. हिला भेटायला यायला एक बाई नव्हती. मी ऑफिसला जायचो. ही दिवसभर एकटी बसून असायची." मग म्हणाले, "मी रजा घ्यायला हवी होती." मी चहा टाकला.

पुढच्या वसंतात त्यांनी घर विकलं. मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होता, त्याच्याकडे दोघं जाणार होते. निघायच्या दिवशी भर दुपारी काकू फावडं घेऊन माझ्या अंगणात आल्या आणि घराच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर, नीट राखलेल्या हिरवळीत, खड्डा खणू लागल्या. दम लागत होता पण थांबल्या नाहीत. गुडघाभर खोल झाला, कडा साफ झाल्या, तेव्हा घाम पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही इथे राहता का हो?"

इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाल्या. मी कसंबसं हो म्हटलं.

"मग हा बुजवू नका."

"कुणासाठी आहे, काकू?"

"येणारं असतं कोणीतरी. आल्यावर जागा शोधायची वेळ येऊ नये." एवढं बोलून त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. काका त्यांना न्यायला आले, खड्डा बघून ओशाळले, सॉरी म्हणाले. मी म्हटलं, असू दे. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा काकू पुढे बघत होत्या.

"यार, कुणाचा तरी पाय मोडेल. भरून टाकू," मिलिंद म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यानं भोवती काठ्या रोवून दोरी बांधली. उन्हाळ्यात खड्ड्याच्या तळाला भेगा पडल्या, पावसात पाणी साचलं. ईरा त्या बाजूला खेळायची थांबली. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी खिडकीतून तिकडे बघायचं मीही टाळायचे.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या सुमारास काकांचा फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी वाफ्यांना खत घालत होते, तेव्हा दोरीपलीकडे काहीतरी लालसर दिसलं. खड्ड्याच्या तळातून एक कोंब वर आला होता.

"पेकनचं आहे, अक्रोडाचा भाऊ," मिलिंद वाकून बघत म्हणाला. "खारीनं पुरून ठेवलं असेल आणि विसरली असेल."

खारच असणार. मी झारी आणून पाणी घातलं.

आता ते झाड छपराच्या वर गेलं आहे. एवढं मोठं होणारं झाड भिंतीच्या इतकं जवळ ठेवू नये, मुळं घराच्या पायाखाली जातात, असं येणारे-जाणारे सांगतात. घराची पाहणी करायला आलेल्या माणसानं तर जरा रागानंच विचारलं, हे इथे लावलं कुणी?

"लावलेलं नाही," मी म्हटलं. "आलंय."