मेंढ्या नेमक्या कुठे मेल्या?

"मॅडम, मेंढरं पडायला लागलीत. माझ्यासमोर. आत्ता."

फोन पूनमचा होता. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सांभाळते. पूनम तिसऱ्या वर्षाला. घर जत तालुक्यात, वडील बिराप्पा मेंढपाळ. दर हिवाळ्यात ते कळप घेऊन नदीकडच्या ऊसपट्ट्यात उतरतात. ऊस तुटलेल्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, यांना धान्य आणि चारा. कॉलेजला सुट्टी असली की पूनम तळावर असायची.

"पाणी कुठलं प्यायल्या?"

"रानातल्या चारीचं. काळं-तांबडं दिसतंय. मळीचं हाय."

साखर कारखान्यात मळीपासून अल्कोहोल काढल्यावर गडद पाणी उरतं. त्याला आम्ही स्पेंट वॉश म्हणतो, गावात मळीचं पाणी. प्रक्रिया करून आणि पातळ करून ते शेताला द्यावं, असा नियम आहे. प्रत्यक्षात टँकर बांधावर येतो आणि रिकामा होतो. फुकट मिळतं, म्हणून कुणी जास्त विचारत नाही.

मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. फोनवरच सांगितली. एक, उरलेला कळप तिथून हलव. दोन, चारीचं आणि विहिरीचं पाणी स्वच्छ बाटल्यांत भर, बर्फात ठेव. तीन, जनावरांच्या डॉक्टरांना बोलाव. चार, मेलेल्या मेंढ्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या कुठे पडल्या, हाच खरा पुरावा.

हातातलं काम सहकाऱ्याकडे सोपवून मी गाडी काढली. पोहोचले तेव्हा डॉक्टर आधीच आले होते आणि कपाळाला हात लावून उभे होते. रानात एकही मेंढी नव्हती. पूनम बर्फ आणायला गावात गेली, तेवढ्यात घरच्यांनी सगळी मढी उचलून पलीकडच्या गायरानात, ओढ्याच्या काठाला पुरून टाकली होती.

"बिराप्पा, हलवल्या कशाला?"

"आवं मॅडम, दुसऱ्याच्या रानात मढं ठिवत न्हाईत. मालकानं बसायला जागा दिली. त्येच्या रानाला वंगाळ कशाला?"

"आप्पा, मी सांगून गेलते न्हवं!" पूनमच्या हातात अजून बर्फाची पिशवी होती. "हात लावू नगा म्हणून!"

"तू सांगशील. माझ्या बापानं कवा ठिवलं न्हाई, त्येच्या बापानं न्हाई."

डॉक्टरांनी एक मेंढी उकरून काढायला लावली, उघडली. विषबाधेचा संशय होता. "पण पंचनामा मढं जिथं सापडलं तिथला होतो," ते म्हणाले. "इथं शेजारी ओढा आहे. ओढ्याचं पाणी चांगलं आहे. मी काय लिहू?"

"रानातून आणल्यात असं मालक सांगेल की," मी म्हणाले.

मालक म्हणजे कळपाचा मालक. बिराप्पा. सगळं त्यांच्या एका वाक्यावर आलं होतं. ते वाक्य आलं असतं, तर टँकर कुणाचा, परवानगी कशाची, हे विचारायला सुरुवात झाली असती. नाही तर काहीच नाही.

तेवढ्यात रानाचे मालक मोटरसायकलवरून आले. फौजेतून निवृत्त झालेले, गावात सगळे सुभेदार म्हणत. त्यांनी मला नमस्कार केला, काहीही लपवलं नाही.

"टँकर मीच सांगितला, मॅडम. सगळं गाव घेतंय. माझी सही हाय कागदावर, पाणी स्वखुशीनं घेतलं म्हणून. म्हंजे उद्या केस झाली तर कारखान्यावर का माझ्यावर?"

मला उत्तर माहीत होतं. सुभेदारांनाही. ते बिराप्पांकडे वळले.

"बिराप्पा, माझ्या रानात काय झालंय का?"

बिराप्पांनी मुलीकडे बघितलं नाही.

"न्हाई सुभेदार. वढ्यावर पानी प्याली. तितंच मेली."

"आप्पा! खोटं बोलताय तुमी!"

"गप." मग हळू आवाजात, "फुडल्या साली मेंढरं कुठं बसवू गं? तुझ्या कालिजात?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि ओढा लिहिला.

मी प्रदूषणाचं काम बघणाऱ्या कार्यालयात फोन केला. तिथले अधिकारी सभ्य होते. "विद्यार्थिनीचा सॅम्पल चालत नाही, मॅडम. आमच्या माणसानं, पंचांसमोर घेतलेला लागतो. आणि कळपाचा मालकच ओढा म्हणतोय. मग मी चारीचं पाणी कोणत्या कारणासाठी उचलू?" तरी त्यांनी माणूस पाठवला. तो आला तोपर्यंत चारीत विहिरीचं पाणी भरपूर फिरवून झालं होतं. चारी धुऊन निघाली होती.

पूनमच्या बाटल्या आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये तपासल्या. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, ते मोजण्याची एक चाचणी असते. चारीच्या पाण्याचा आकडा आमच्या मोजमापात मावेना. पुन्हा पुन्हा पातळ करावं लागलं. विहिरीच्या पाण्यालाही पिवळसर झाक होती. त्या विहिरीचं पाणी सुभेदारांच्या घरी पितात, म्हणून मी मुद्दाम जाऊन सांगितलं.

"आमी फिल्टर बसवलाय," ते म्हणाले आणि चहा घेऊन जायचा आग्रह केला.

पूनमने हे सगळं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये घातलं. गावाचं नाव मात्र घातलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते.

"आकडे भयंकर आहेत. लोकेशन कुठंय?"

"सांगता येत नाही, सर."

"जागा नसलेला डेटा म्हणजे डेटा नाही, हे तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. मीच. मी मागच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी मार्क कापले. ती पास झाली, एवढंच.

पुढच्या हिवाळ्यानंतर ती पदवीचं सर्टिफिकेट न्यायला ऑफिसात आली. सही केली, पाकीट पिशवीत ठेवलं. मी कळपाचं विचारलं.

"इकला, मॅडम. जतच्या बाजारात."

"सगळा?"

"आप्पा गेलते सुभेदारांच्या रानात उतरायला, दरसालासारखं. सुभेदार म्हणाले, यंदा नगं बिराप्पा. टँकरनं रानाला लय खत झालंय, आता लेंड्या कशाला? दुसरीकडंबी तसंच. बसायला रानच मिळालं न्हाई."

ती बसच्या वेळेचं बोलून निघून गेली.

आता मी सॅम्पल घ्यायला मुलांना बाटल्या देते, तेव्हा यादीत एक ओळ जास्त असते. ती सिलॅबसमध्ये नाही. जागा कुणाची आहे, आणि तुमच्या साक्षीदाराला उद्या त्याच जागेत परत जायचं आहे का, हे आधी विचारा. जायचं असेल, तर बाटलीभोवतीच्या बर्फाआधी साक्ष वितळते असं समजून चला.