विलासचं ओलं फडकं

विलास गेला ही बातमी मला दूधवाल्याकडून कळली. सकाळी पातेलं घेऊन दारात आले, तर तो माप हातात धरून माझ्याकडे नुसता बघत राहिला. "ताई, तुमी अजून हितंच?" म्हणाला. "चांद्यात समदी जमल्यात की." मी विचारलं, कशाला? त्यानं माप तसंच कॅनमध्ये सोडलं आणि मान खाली घातली... सूस ते चांदे असं कितीसं अंतर? आमच्या घरात फोन होता, ह्यांच्या खिशात मोबाईल होता. तरी माझा सख्खा धाकटा भाऊ गेल्याचं त्याच्या बायकोनं, मंगलनं, मला कळवलं नाही. मी धावत-पळत पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मंगलनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. जमलेल्या बायकांना वाटलं, दुःखानं तिचं भान गेलंय. तिचं भान शाबूत होतं. तिनं तोंड का फिरवलं हे मला माहीत होतं, विलासला माहीत होतं, आणि त्याला आता कुणी विचारू शकत नव्हतं.

आमच्या सूसच्या घरापुढे, रस्त्याला लागून, एक पत्र्याची शेड आहे. अठ्ठ्याण्णव साली विलासनं तिथं गॅरेज काढलं. नुसतं गॅरेज नव्हे, गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज. शहरात एका उस्तादाच्या हाताखाली तो हे काम शिकला होता. तेव्हा आमच्या भागात गाड्याच मोजक्या, एसीच्या तर त्याहून कमी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हितं माणसांवर पंखा न्हाई, आन् ह्यो गाड्यांना गार करतोय." विलास हसायचा. त्याला घाई नव्हती. दुपारी डबा न आणता माझ्याकडे जेवायचा, जेवायच्या आधी कपडे धुण्याची पावडर घेऊन कोपरापर्यंत हात धुवायचा आणि पहिल्या घासालाच माझ्या आमटीला नावं ठेवायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हणून त्याच्या लेखी मी मास्तरीण. "मास्तरीण बाईंनी आज पोरांचा राग आमटीत काढलाय," असं म्हणून तिसऱ्यांदा आमटी वाढून घ्यायचा. माझ्या ह्यांच्याशी मात्र अदबीनं. दाजी म्हणजे दाजी. त्यांच्यासमोर तो खुर्चीवर पाय वर घेऊन कधी बसला नाही.

मग सूस बदललं. महाळुंग्याकडून इकडे इमारतीच इमारती झाल्या, प्रत्येक पार्किंगात गाडी आली, आणि विलासच्या शेडपुढे रांग लागू लागली. बरीच वर्षं मनात धरून ठेवलेलं मशीन त्यानं शेवटी घेतलं. गाडीतला जुना गॅस ओढून घ्यायचा, गाळायचा आणि पुन्हा भरायचा, असं ते मशीन. आलं त्या दिवशी मंगल चांद्याहून हळदीकुंकू घेऊन आली. विलासनं मशीनला हार घातला आणि हाराचं पाणी आत जाईल म्हणून लगेच काढूनही टाकला. त्या दिवशी तो जेवला नाही, इतका आनंदात होता.

ते मशीन आमच्या गाडीनं मारलं. आमच्या म्हणजे ह्यांच्या. हे पिरंगुटला कारखान्यात नोकरीला, आणि स्वभाव असा की कुणाला त्रास नको, कुणाचे उपकार नकोत. आमच्या गाडीचा एसी उन्हाळा आला की गार करेनासा व्हायचा, गॅस कुठूनतरी गळायचा. विलास आमच्याकडून काही घ्यायचा नाही, आणि मेव्हण्याकडून दर वेळी काम करून घ्यायची ह्यांना लाज वाटायची. म्हणून त्यांनी काय केलं, तर शहरातल्या एका दुकानात गळती बंद करायचं औषध गाडीत भरून घेतलं. छोटा डबा, मिनिटाभराचं काम, भोक आतून बुजतं म्हणे. मला सांगितलं नाही, विलासला तर नाहीच. महिन्याभरात एसी पुरता बसला. तेव्हा गाडी शेडमध्ये न्यावीच लागली. विलासनं मशीनची नळी हातात घेऊन सहज विचारलं, "दाजी, आत काय वतलं न्हाई न्हवं?" हे म्हणाले, "छे छे."

मी ओसरीत वह्या तपासत होते. मशीन चालू झाल्याचा आवाज आला, मग तो आवाज जड झाला, आणि मग बंदच पडला. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी बाहेर गेले. विलासनं मशीनची नळी कापली होती आणि आतून पिवळसर, चिवट, कडेला काचेसारखं कडक झालेलं काहीतरी नखानं काढत होता. हवा आणि ओल लागली की ते औषध घट्ट होतं. गाडीत जिथं ओल सापडेल तिथं होतं, आणि मशीनमध्ये गेलं की मशीनमध्येही होतं. हे कोपऱ्यात उभे. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. विलास त्यांना ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "दाजी, खरं सांगितलं असतं तर मशीन वाचलं असतं."

मशीन बाजूला ठेवून तो आमच्या गाडीला लागला. कॉम्प्रेसर काढला, ओल शोषणारा ड्रायर फेकला, वॉल्व्ह फेकला, पाइप धुवायचं द्रावण सोडून हवेनं फुंकून काढले. कंडेन्सरशी मात्र तो दोन दिवस झगडला. गाडीच्या नाकाशी असते ती जाळी... तिच्या आत केसासारख्या बारीक नळ्या असतात. त्यानं ती पालथी करून धुतली, उलट्या बाजूनं फुंकली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. शेवटी मला बोलावून दाखवली. "आक्का, पाइप धुऊन निघत्यात. हे न्हाई निघायचं. हे एकदा हितवर गेलं की संपलं." आणि ती जाळी त्यानं शेडच्या मागं नेऊन टाकली.

तेव्हापासून ओलं फडकं आलं. माझ्या जुन्या सुती साडीचा पदर त्यानं मागून घेतला. सकाळी शेड उघडली की पहिलं काम ते फडकं भिजवून खिळ्याला लावायचं. गाडी आली की काहीही जोडायच्या आधी वॉल्व्हची पिन किंचित दाबून थोडा गॅस त्या फडक्यावर सोडायचा आणि बसून राहायचं. फडकं चिकट झालं, मग ताठलं, की समजायचं, आत औषध ओतलेलं आहे. पण फडक्याच्याही आधी तो विचारायचा, "आत काय वतलंय का? खरं सांगा, म्या रागवत न्हाई." ड्रायव्हर लोकांनी त्याची नक्कल करायला सुरुवात केली. हे मात्र त्या दिवसापासून शेडमध्ये पाय ठेवायचा म्हणजे अंग चोरून ठेवायचे. काही वर्षांनी विलासनं दुसरं मशीन घेतलं तेव्हा नारळ त्यानं त्यांच्याच हातानं फोडवला.

गेल्या वर्षी विलासचं पोट दुखायला लागलं. तो वाळला, आमटीला नावं ठेवायचा बंद झाला, तेव्हा मी घाबरले. पुण्यातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तासाभरातच डॉक्टर बाहेर आले आणि आम्हाला बाजूला घेतलं. पोट उघडलं आणि तसंच शिवलं, म्हणाले. गाठ होती, आणि सगळीकडे पसरलेली. मंगल खालीच बसली. हे पुढे झाले. "त्याला काही सांगायचं नाही. अल्सर होता, काढला, असं सांगू." मंगलनं मान हलवली. डॉक्टरांनीही हलवली, त्यांना ते रोजचंच असावं. मग घरातले, पाहुणे, शेजारी, सगळे एका सुरात अल्सर म्हणायला लागले. मीही गप्प राहिले. माझ्या घरात हा प्रकार मी एकदा बघितला होता, आणि तो करणारा माणूसही तोच होता. त्यांचा मला संताप आला. पण ते न्हाणीघरात नळ सोडून रडत होते, तेही मीच ऐकत होते.

टाके सुकल्यावर विलास शेडमध्ये येऊन बसू लागला. काम होत नव्हतं, पण घरात करमत नव्हतं. एके दुपारी एक गाडी आली. त्यानं स्टुलावर बसल्या बसल्या फडक्यावर गॅस सोडला, गाडीवाल्याला नेहमीचं विचारलं. फडकं मऊच राहिलं. गाडीवाला चहाला गेला. मी ताक घेऊन गेले होते. विलासनं ताक बाजूला ठेवलं.

"आक्का, पोट उघडलं तवा आत काय घावलं?"

मी ताकाचा पेला पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

"खरं सांग. म्या रागवत न्हाई."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं होतं... मी सांगितलं. गाठ म्हणाले. त्यानं विचारलं, पसरलीय का. मी हो म्हणाले. त्यानं खिळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं. "म्हंजी धुऊन निघायचं न्हाई," म्हणाला. मग ताकाचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. "मंगलला सांगू नगं मला कळलंय म्हणून. लई धीरानं खोटं बोलतीया ती. बोलू दे तिला." मी मान डोलावून त्याला शब्द दिला.

पुढच्या आठवड्यात त्यानं दवाखान्यातलं सुईचं औषध, अल्सरचं म्हणून सांगितलेली केमो, घ्यायला नकार दिला. कारण सांगितलं, प्रवास झेपत नाही. मंगल हात जोडून विनवत राहिली, हे विनवत राहिले, तो नाहीच म्हणाला. मंगल खुळी नव्हती. कुणीतरी सांगितलंय हे तिला कळलं, आणि कोण सांगणार हे कळायलाही तिला वेळ लागला नाही. ती माझ्या दारात आली, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "वन्सं, तुमी माझा माणूस जिता असताना मारला." त्याला विचारा म्हणाले असते, तर त्याला दिलेला शब्द मोडला असता. त्यानंतर मी चांद्याला गेले की ती आतल्या खोलीत जायची. विलास माझ्याकडे बघून डोळे मिटायचा, जाऊ दे अशा अर्थानं. औषध घेतलं असतं तर तो आणखी जगला असता का, हे मला माहीत नाही. मी सांगितलं ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं, आणि तरी रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवतं.

परवा मंगल आली. शेडची किल्ली तिच्याकडे होती. मी तिच्या मागे गेले. पत्रे तापलेले, मशीनवर धूळ. ती त्याच्या स्टुलावर बसली.

"वन्सं, एक इचारते. त्यांना म्हायती व्हतं न्हवं?"

"हो."

"आन् मला सांगू नगा म्हणले व्हते."

मी पुन्हा हो म्हणाले. त्याला दिलेला शब्द तिथं संपला.

"मला बी कळलं व्हतं त्यांना कळलंय ते," मंगल म्हणाली. "म्या रोज इचारायची, आज बरं वाटतंय न्हवं? ते म्हणायचे, व्हय, लई बरं. शेवटच्या दिशी बी म्हणले. एका खोलीत ऱ्हाऊन एकदा बी रडलो न्हाई वन्सं आमी. एकदा बी..." मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

जाताना ती खिळ्यापाशी थांबली. फडकं तिथंच होतं, माझ्या साडीचं. कडा अजून मऊ, पण मधे, जिथं इतकी वर्षं गॅस सोडला होता, तिथं एक डाग लाकडासारखा ताठ झाला होता. मंगलनं त्यावरून अंगठा फिरवला.

"हे धुऊन निघंल का?"

"नाही निघायचं."

"मग असू द्या," म्हणाली. तिनं कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी बघितलं, ते आटलेलं होतं. माझ्या घरातून तांब्या भरून आणला, फडकं भिजवलं, पिळलं आणि पुन्हा खिळ्याला लावलं.